‘जागेवरची बांधणी’ पुन्हा सुरू करा: विज्ञान प्रदर्शनाच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

सन्माननीय आयोजक, परीक्षक आणि शिक्षण विभागातील अधिकारी महोदय,

स. न. वि. वि.

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाचे सूचनापत्र शाळांना मिळाले. त्यातून ‘जागेवरची बांधणी’ हा विभाग वगळला आहे. या विभागात मुलांना तिथेच रद्दी, सुतळी, फॉइल असे साहित्य मिळायचे आणि ठरलेल्या वेळात त्यातून चालणारी वस्तू उभी करावी लागायची. जागा पुरत नाही, वेळ फार जातो आणि साहित्य ‘प्रदर्शनीय’ दिसत नाही, अशी तीन कारणे आपण दिली आहेत. त्याऐवजी शाळांनी तयार संच घेऊन प्रतिकृती मांडाव्यात, असे सुचवले आहे. हा निर्णय आम्हाला मान्य नाही.

आम्ही किनारपट्टीवरच्या शाळांतले काही शिक्षक, निवृत्त स्थापत्य अभियंते आणि पालक आहोत. आमची मुले याच शाळांत शिकतात. पावसाळ्यात ती साकवावरून वहाळ ओलांडतात, वादळात पत्रे उडालेल्या घरांत राहतात आणि घरच्या होडीत बसतात. पूल, छप्पर आणि होडी या तिन्ही गोष्टी पाच-सहाशे रुपयांच्या साहित्यात वर्गात तपासता येतात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत.

आधी तयार संचांबद्दल. संचात भाग मोजून दिलेले असतात, कृती छापलेली असते आणि उत्तर एकच असते. मुलाने चौथा स्क्रू पाचव्या भोकात लावला की ती चूक ठरते, पण का चूक ठरते ते संच सांगत नाही. आपल्या खाऱ्या हवेत संचातले लोखंडी भाग एका पावसाळ्यात गंजतात, बॅटरीच्या पेटीतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढतो आणि सुटा भाग तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. पुढच्या वर्षी तो संच कपाटातच राहतो. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये आहे. त्यातच वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता भागवायची असते. त्या पैशातून संच घ्या म्हणणे म्हणजे लहान शाळांना बाहेरच ठेवणे.

दुसरी तक्रार गुणांच्या तक्त्याची आहे. मांडणी आणि सजावट यांना गुण आहेत, मोजमापाला नाहीत. त्यामुळे दरवर्षी तेच थर्मोकोलचे धरण येते. खाली लपवलेल्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर त्यातला दिवा लागतो आणि वरून वाहणाऱ्या पाण्याचा त्या विजेशी काहीही संबंध नसतो. मुलाला पाठ केलेले भाषण येते, पण पाणी बंद केल्यावरही दिवा का जळतो, हे त्याला कोणी विचारत नाही. शिवाय सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आहे. शासनाच्याच कार्यक्रमात ते चालवून घेणे योग्य नाही.

तिसरी तक्रार आम्हाला सर्वांत जास्त बोचते. प्रदर्शनात वस्तू मोडली की मूल स्पर्धेतून बाद होते. अभियांत्रिकीचे शिक्षण मात्र मोडण्यापासूनच सुरू होते. कुठे मोडले, कशामुळे मोडले आणि आता काय बदलायचे, हे ठरवायला दुसरी संधी लागते. ती देणारा एकच विभाग आपल्याकडे होता आणि तोच आपण काढून टाकला.

आता साहित्य ‘प्रदर्शनीय’ नाही, या मुद्द्याकडे येतो. या रद्दीतून नेमके काय होते, ते तपशिलात सांगणे भाग आहे.

पुलाचे आव्हान घ्या. दोन टेबलांच्या कडांमध्ये ६० सेंटीमीटर अंतर ठेवायचे. प्रत्येक गटाला वर्तमानपत्राचे पूर्ण उघडलेले १० ताव, ५ मीटर सुतळी आणि १ मीटर मास्किंग टेप. सेलोटेप देऊ नये, दमट हवेत तिचा कागदावरचा पकड सुटतो. ताव कोपऱ्यापासून तिरपा, नारळाच्या झावळीचा हीर किंवा विणायची सुई आत ठेवून घट्ट गुंडाळायचा. सुमारे ८५ सेंटीमीटरची नळी होते. तिची दोन्ही टोके एकेरी कागदाची, म्हणून लिबलिबीत असतात. ती कापून ७० सेंटीमीटर ठेवायची. पहिल्या फेरीत बहुतेक गट सैल नळ्या करतात. सैल नळी दाबल्यावर चपटी होते आणि चपटी झाली की तिथेच दुमडते. चिमटीत धरून पिळल्यावर थर एकमेकांवर सरकत असतील, तर ती नळी उलगडून पुन्हा गुंडाळावी.

पुलाच्या प्रत्येक बाजूला ७० सेंटीमीटरची एक नळी खाली, ३५ सेंटीमीटरचे चार तुकडे तिरपे आणि तेवढाच एक तुकडा वर आडवा. अशा तीन त्रिकोणांच्या दोन बाजू केल्या की साडेतीन अधिक साडेतीन, म्हणजे सात ताव संपतात. उरलेल्या तिनांतून दोन बाजूंना जोडणारे १५ सेंटीमीटरचे आडवे तुकडे आणि दोन तिरपे आधार निघतात. सांध्यावर टोके दोन-तीन सेंटीमीटर चपटी करून एकावर एक ठेवायची, दाभणाने भोक पाडायचे आणि सुतळीने बांधायचे. चपटा भाग यापेक्षा लांब झाला तर नळी तिथे बिजागरीसारखी वाकते. मधल्या सांध्याला बादली टांगायची आणि मगाने मोजून पाणी ओतायचे. एक लिटर म्हणजे एक किलो, हा भार मोजायला वजनकाट्याची गरज नाही. प्रत्येक लिटरनंतर दहा सेकंद थांबायचे.

यात बिघडते ते असे. मुले चौकोन बांधतात आणि चौकोन तिरका होऊन बसतो. बादली सांध्याला न टांगता नळीच्या मध्यावर टांगतात, तेव्हा पूल शाबूत राहतो आणि एकटी नळी मोडते. सुतळी नळीला कापत जाते, तिच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालावा लागतो. दोन बाजू आपापल्या परीने भक्कम असतात, पण त्यांना जोडणारे तिरपे आधार नसले की पूल कुशीवर पडतो. या प्रत्येक मोडण्याचे कारण मुलांना डोळ्यांनी दिसते.

पूल उभा राहिल्यावर एक प्रश्न विचारायचा: यातली कोणती नळी काढून तिथे सुतळी ताणून बांधली तरी चालेल? मधल्या सांध्याकडे उतरणाऱ्या तिरप्या नळ्यांच्या जागी सुतळी चालते, कारण त्या ताणल्या जातात. वरच्या आडव्या नळीच्या जागी सुतळी बांधली की पूल खाली येतो, कारण ती दाबली जाते. ताण आणि दाब यांची पाठ केलेली व्याख्या या एका प्रयोगापुढे फिकी आहे. चौथीतल्या मुलालाही तो कळतो.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी पुलाचाच आणखी एक प्रकार सांगतो. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा कोकण रेल्वेचा पूल सुमारे ६४ मीटर उंच आहे. खालून आधार उभारून त्याचा वरचा भाग ओतलेला नाही. तो एका टोकाला तुकड्यातुकड्याने तयार करून खांबांवरून पुढे ढकलत नेला. वर्गात चार बाकडी खांबांसारखी ठेवा आणि जाड पुठ्ठ्याची पट्टी त्यांवरून पुढे सरकवा. मागे पुरेशी लांबी नसेल तर टोक पुढच्या बाकड्यापर्यंत पोचण्याआधीच पट्टी कलंडते. पुढच्या टोकाला हलकी चोच जोडली, म्हणजे हिरांचे दोन-तीन तुकडे बांधले, की वजन फारसे न वाढता टोक पलीकडे टेकते. खऱ्या बांधकामातही अशीच पोलादी चोच लावतात.

छपराचे आव्हान तर आपल्याच किनाऱ्याचे आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने रायगडच्या किनाऱ्यावर आले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हजारो घरांची छपरे गेली. ती का गेली, हे शाळेत कुठेच शिकवले जात नाही. वारा छपराला खाली दाबतो, असे मुलांना वाटते, मोठ्यांनाही वाटते. प्रत्यक्षात कमी उताराच्या छपरावरून जाणारा वारा ते वर ओढतो, आणि वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडली की आत शिरलेली हवा खालून ढकलते. दोन्ही जोर एकाच दिशेचे.

यासाठी बुटांचे खोके घर म्हणून घ्यायचे. आत वाळूची पिशवी ठेवायची, म्हणजे खोके हलणार नाही. छपराला पातळ कार्डशीट, बांधायला १ मीटर दोरा आणि २० सेंटीमीटर टेप, गोंद नाही. टेबलफॅन स्टुलावर एक मीटर दूर, पात्यांचा मध्य छपराच्या कडेच्या उंचीवर. तिन्ही वेगांवर तीस-तीस सेकंद, मग घर ४५ अंशांत वळवून पुन्हा, आणि शेवटी वाऱ्याकडची खिडकी उघडून. पंख्याचा झोत सगळीकडे सारखा नसतो, म्हणून घराची जागा खडूने आखावी आणि सर्व गटांची चाचणी तिथेच घ्यावी. पंख्यापासून अर्ध्या मीटरवर दोरी ताणावी आणि लांब केस बांधायला सांगावे. पंख्याचा वारा वादळाच्या मानाने फारच कमी असतो आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. त्यामुळे छप्पर मुद्दाम हलके ठेवावे लागते. जाड पुठ्ठ्याचे छप्पर उडतच नाही आणि मुले चुकीचा निष्कर्ष काढतात.

यात दोरा कार्डशीट फाडून निसटतो. वादळात पत्राही हुकाभोवती असाच फाटतो. दोऱ्याच्या गाठीखाली पुठ्ठ्याची छोटी चकती घातली की तोच दोरा जास्त वेळ टिकतो, आणि पत्र्याच्या हुकाखाली रुंद वायसर का हवा, हे वेगळे सांगावे लागत नाही. काही गट छप्पर भिंतीच्या वरच्या कडेलाच बांधतात, मग भिंतीची कडच उपटून येते. दोरा खोक्याच्या तळापर्यंत नेला तर घराचे सगळे वजन छपराला धरून ठेवते. वासे, भिंत आणि पाया यांचा धागा कुठे तुटू द्यायचा नाही, हे इथे समजते.

आणि मग खरा पेच. छपराची कड जेवढी बाहेर, तेवढा वारा तिच्याखाली शिरतो. पण आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कड आखूड केली तर पागोळ्यांचे पाणी भिंतीवर येते आणि मातीची किंवा जांभ्याची भिंत भिजते. फॅनच्या चाचणीनंतर झारीने पाणी ओतून भिंतीला लावलेला टिश्यूचा कागद भिजतो का, ते पाहायचे. ज्या गटाला पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधायचे सुचते, तो दोन्ही चाचण्यांत टिकतो, कारण पडवी उडाली तरी घराचे छप्पर तिच्याबरोबर जात नाही. सहावी-सातवीची मुले अशा तोडग्यापर्यंत पोचतात. कुठल्या संचात हे मिळेल?

होडीबद्दल थोडक्यात. २० सेंटीमीटर चौरस अॅल्युमिनियम फॉइल, कडा दुमडून होडी करायची आणि कोरडी वाळू चमच्याचमच्याने भरत बुडेपर्यंत जायचे. कडा २ सेंटीमीटर उंच केल्या तर आतली जागा १६ गुणिले १६ गुणिले २, म्हणजे ५१२ घन सेंटीमीटर. ३ सेंटीमीटर केल्या तर ५८८, ४ केल्या तर ५७६ आणि ५ केल्या तर ५००. म्हणजे सर्वांत जास्त भार पेलणारी उंची तीन आणि चारच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि मुले ती चौकटीच्या वहीत स्वतः शोधतात. प्रत्यक्ष होडी हिशोबापेक्षा कमी भारात बुडते, कारण वाळू खालच्या बाजूला सरकते आणि एक कोपरा आधी पाण्यात जातो. फॉइलचेच आडोसे घालून वाळूचे कप्पे केले की फरक पडतो. कोपरे कापू नयेत, दुमडावेत. कापलेला कोपरा गळतो. समुद्राच्या पाण्यात हीच होडी सुमारे अडीच टक्के जास्त भार घेते. पाणी बाटलीत आणले तर हाही प्रयोग होतो.

इंजेक्शनच्या दोन सिरिंज नळीने जोडून आणि त्यांत पाणी भरून वजन उचलण्याचे यंत्रही याच किमतीत होते, फक्त सिरिंज औषधाच्या दुकानातून नवीन आणि सुईविना घ्यावी, दवाखान्यातली वापरलेली कधीही नको. जोडणी बादलीतल्या पाण्याखाली करावी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दट्ट्या दाबला तरी पलीकडचा नीट हलत नाही. आणि जोर किती वाढला, ते मिलीलिटरवरून काढू नये, आतला व्यास मोजून काढावे.

हे काही परदेशातून आणलेले नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सुरू झाला तो गावातल्या साध्या साहित्यावरच. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण का टिकतो आणि चौकोन का डुलतो, हे देशभरातल्या मुलांना दाखवले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे हेच काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे साहित्य मराठीतही मोफत उपलब्ध आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची तरतूद आहे. हे काम त्यात सहज बसते.

जागा आणि वेळ यांचेही उत्तर देतो. एका वर्गखोलीत सहा गट बसतात, एका गटात तिघे: दोघे बांधतात, एक मोजून लिहितो, आणि दुसऱ्या फेरीत भूमिका बदलतात. नियम सांगायला दहा मिनिटे, पहिली बांधणी पंचवीस, चाचणी पंधरा, दुरुस्ती पंचवीस, पुन्हा चाचणी पंधरा. दीड तासात सगळे आटोपते. द्विशिक्षकी शाळेत चौथी आणि सातवीची मुले एकाच गटात ठेवता येतात. उरलेली रद्दी पुन्हा रद्दीत जाते, तेव्हा कचऱ्याचाही प्रश्न नाही.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

‘जागेवरची बांधणी’ हा विभाग याच वर्षी केंद्रस्तरापासून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटापासून, पुन्हा सुरू करावा आणि सुधारित सूचनापत्र काढावे. प्रत्येक गटाला साहित्य आयोजकांनीच द्यावे, सर्वांना सारखे, घरून काही आणू देऊ नये. पैशाचा फरक तिथेच संपतो. गुण मोजमापावर द्यावेत: पुलाने पेललेला भार भागिले पुलाचे स्वतःचे वजन, छपराने काढलेली सेकंदे, होडीतली वाळू ग्रॅममध्ये. सजावटीचे गुण या विभागात शून्य असावेत. दुसरी फेरी सक्तीची ठेवावी. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतल्या सुधारणेला, आणि काय मोडले व का मोडले याच्या लेखी नोंदीला, एकूण गुणांपैकी निम्मे गुण मिळावेत. तयार संच आणि थर्मोकोल कोणत्याच विभागात नको.

स्पर्धा दिवाळीनंतर घ्यावी. पावसाळ्यात कागदाच्या नळ्या हवेतली ओल शोषून मऊ पडतात, फेव्हिकॉल वाळत नाही आणि पिठाच्या खळीला बुरशी येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे योग्य काळ आहे. साहित्य तोवर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे.

केंद्राच्या एका शिक्षण परिषदेत दोन तास फक्त यासाठी द्यावेत, आणि शिक्षकांनी स्वतः पूल बांधून तो मोडेपर्यंत पाणी ओतावे. परीक्षकांनाही हे बंधनकारक असावे. ज्याने नळी कधी गुंडाळलेली नाही, त्याला सैल नळी आणि चुकीचा सांधा यांतला फरक सांगता येणार नाही.

साहित्याची यादी आम्ही खालीलप्रमाणे देतो, अठरा मुलांच्या शाळेसाठी: रद्दी ५ किलो, सुतळीचे दोन गोळे, मास्किंग टेपचे चार रोल, फॉइलचा एक रोल, कार्डशीटचे १२ ताव, १० मिलीलिटरच्या सहा आणि ५ मिलीलिटरच्या सहा सिरिंज, चार मीटर प्लास्टिकची नळी, एक दाभण, शिवणाचा दोरा. साधारण सहाशे रुपये. हीर आणि वाळू गावातच आहेत, बुटांची खोकी बाजारपेठेतल्या दुकानांतून मागून मिळतात.

पहिल्या वर्षी आपण सांगाल त्या एका केंद्रातल्या सर्व शाळांच्या पेट्या आम्ही भरून देऊ, शिक्षकांच्या सत्राला येऊ आणि परीक्षणाला उभे राहू. त्याचा मोबदला नको. सुधारित सूचनापत्र दिवाळीच्या सुट्टीआधी शाळांना मिळावे, म्हणजे तयारीला दीड महिना हाताशी राहील. आपले उत्तरही याच रीतीने सर्वांसमोर यावे, ही विनंती.

आपले,
किनारपट्टीवरच्या शाळांतले काही शिक्षक, निवृत्त अभियंते आणि पालक